जीव वाचवताना पाय का गमवावा?

हृदय आणि फुप्फुस दोन्ही हात टेकतात तेव्हा शरीराबाहेरच्या यंत्रातून रक्त फिरवून रुग्णाला काही दिवस तगवण्याची सोय म्हणजे एक्मो. हे नाव आपल्याकडे घरोघरी पोहोचले ते २०१६ मध्ये जयललिता यांच्या अखेरच्या आजारपणात आणि पुढे करोनाकाळात एस. पी. बालसुब्रह्मण्यम यांच्या तब्येतीच्या बातम्यांमुळे. अशा बातम्यांत प्रश्न एकच असतो: माणूस वाचला की गेला? पण या यंत्रावरून जिवंत उतरलेल्या रुग्णांपैकी काहींचा एक पाय कायमचा अधू झालेला असतो आणि काहींचा कापावा लागलेला असतो, याची चर्चा अतिदक्षता विभागाबाहेर फारशी होत नाही. विभागाच्या आतही बरीच वर्षे समजूत अशी होती, की जीव वाचला ना, मग पायाचे काय घेऊन बसायचे! गेल्या दहा-पंधरा वर्षांत जमलेला पुरावा एकत्र ठेवून पाहिला तर ही समजूत टिकत नाही. पायाची हानी बहुतांशी टाळता येते, ती टळणार की नाही हे बरेचसे पहिल्या काही तासांत ठरते, आणि पाय जपणे हा जीव जपण्याचाच एक भाग आहे, असे या आढाव्याचे म्हणणे आहे.

आधी यंत्राची घडण पाहू. शस्त्रक्रियेच्या टेबलावर हृदय-फुप्फुस यंत्राचा यशस्वी वापर जॉन गिबन यांनी १९५३ मध्ये फिलाडेल्फियात केला; तो काही मिनिटांचा मामला होता. याच यंत्राची सुधारित आवृत्ती कित्येक दिवस चालवता येते हे डोनाल्ड हिल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७१ मध्ये कॅलिफोर्नियात एका अपघातग्रस्त तरुणावर दाखवले, आणि १९७५ मध्ये रॉबर्ट बार्टलेट यांनी एका नवजात बाळाला याच मार्गाने वाचवले. पुढे १९८९ मध्ये एक्स्ट्राकॉर्पोरियल लाइफ सपोर्ट ऑर्गनायझेशन, म्हणजे एल्सो, ही संस्था उभी राहिली आणि जगभरच्या रुग्णांची नोंदवही सुरू झाली. आज एक्मोचे मुख्य प्रकार दोन. फक्त फुप्फुस निकामी असेल तर रक्त शिरेतून काढून शिरेतच परत सोडतात. त्यात पायाला धोका तुलनेने कमी. हृदयच बंद पडत असेल तर मात्र रक्त शिरेतून काढून, प्राणवायू मिसळून, दाबाने धमनीत सोडावे लागते. आपला प्रश्न मुख्यतः या दुसऱ्या प्रकाराचा आहे. त्यासाठी सर्वांत सोयीची जागा म्हणजे जांघेतली फिमोरल धमनी. सुईवाटे तार, तारेवरून नळी, ही स्वीडनच्या सेल्डिंगर यांनी १९५३ मध्येच मांडलेली पद्धत वापरली की छाती न उघडता काही मिनिटांत रुग्ण यंत्रावर जातो. सोय झाली ती इथे, आणि अडचणीचे मूळही इथेच आहे.

धमनीत घालायच्या नळ्या मोठ्या माणसासाठी साधारण १५ ते १९ फ्रेंच मापाच्या असतात. तीन फ्रेंच म्हणजे एक मिलिमीटर. म्हणजे १७ फ्रेंचच्या नळीचा बाहेरचा व्यास साडेपाच मिलिमीटरहून थोडा जास्त. निरोगी प्रौढाची फिमोरल धमनी साधारण सात ते दहा मिलिमीटरची, अंगाने लहान असलेल्या स्त्रियांत त्याहून बारीक. नळीचे तोंड हृदयाकडे असते, त्यामुळे यंत्राचे सारे रक्त वर पोटाकडे आणि छातीकडे जाते. खालच्या पायाच्या वाट्याला येते ते नळी आणि धमनीची भिंत यांच्यामधल्या फटीतून झिरपेल तेवढेच. त्यात रक्तदाब टिकवण्यासाठी नॉरॲड्रिनलिनसारखी औषधे चालू असतात. ती टोकाच्या वाहिन्या आवळून धरतात. त्याच जांघेत शिरेतली जाड नळी असेल तर पायातून वर जाणारे रक्तही अडते आणि पाय सुजतो. संथ झालेल्या रक्तात गुठळ्या धरू लागतात. मज्जातंतू आणि स्नायू रक्ताविना साधारण चार ते सहा तास तग धरतात; पुढची हानी भरून येत नाही. शिवाय रक्त परत आल्यावरही धोका सरत नाही. सुजलेल्या पोटरीतला दाब इतका वाढतो की आतल्या वाहिन्या दाबून बंद होतात, आणि मग कातडी व स्नायूंवरचे आवरण लांबवर चिरून दाब मोकळा करावा लागतो. मेलेल्या स्नायूंतून सुटलेले पोटॅशियम आणि मायोग्लोबिन रक्तात मिसळते. पहिले हृदयाची लय बिघडवते, दुसरे मूत्रपिंडे बंद पाडते.

हे किती वेळा घडते? वेगवेगळ्या अभ्यासांतले आकडे दहा टक्क्यांपासून सत्तर टक्क्यांपर्यंत पसरलेले आहेत, आणि यातच प्रश्नाची एक मेख आहे. कोणी पंजा गार पडला की नोंद करतो, कोणी शस्त्रक्रिया करावी लागली तरच. अनेकांनी आधार मानलेला आकडा २०१४ च्या एका एकत्रित विश्लेषणाचा आहे. हृदय दुबळे पडून रक्ताभिसरण कोलमडलेल्या किंवा हृदय बंद पडलेल्या १,८६६ प्रौढांवरच्या वीस अभ्यासांतून असे दिसले, की १६.९ टक्के रुग्णांच्या पायाचा रक्तपुरवठा तुटला, १०.३ टक्क्यांची पोटरी चिरावी लागली किंवा तिथला दाब धोक्याच्या वर गेला, आणि ४.७ टक्क्यांचा पाय कापावा लागला. हे अभ्यास बरेचसे जुने आणि एकेका केंद्राचे होते, म्हणून त्यांवर किती भिस्त ठेवायची अशी शंका रास्त होती. ती २०२३ मध्ये मिटली. ईसीएलएस-शॉक या जर्मनी आणि स्लोव्हेनियातल्या चाचणीत हृदयाघातानंतर रक्ताभिसरण कोलमडलेल्या चारशेहून अधिक रुग्णांची चिठ्ठ्या टाकाव्यात तशी विभागणी केली होती. तीस दिवसांत एक्मो गटातले ४७.८ टक्के दगावले, नेहमीच्या उपचारांच्या गटातले ४९ टक्के. म्हणजे फरक नाही. हस्तक्षेप करावा लागेल इतकी रक्तवाहिन्यांची इजा मात्र एक्मो गटात ११ टक्क्यांना झाली, दुसऱ्या गटात ३.८ टक्क्यांना. मध्यम किंवा तीव्र रक्तस्रावही दुपटीहून अधिक होता. त्याच वर्षी अशा चार चाचण्यांतल्या ५६७ रुग्णांची माहिती एकत्र केली तेव्हाही मृत्यू घटल्याचे दिसले नाही, आणि हातापायांचा रक्तपुरवठा तुटण्याची शक्यता साडेतीन पटींच्या आसपास गेली.

या आकड्यांवरून एक्मो निरुपयोगी आहे असा निष्कर्ष काही जण काढतात. तो घाईचा आहे. हृदयाच्या स्नायूला आलेली विषाणूजन्य सूज, फुप्फुसात अडकलेली मोठी गुठळी, विषबाधा, हृदयशस्त्रक्रियेनंतरची तात्पुरती दुर्बलता अशा प्रसंगी हृदय काही दिवसांत सावरण्याची आशा असते. हे रुग्ण त्या चाचण्यांत नव्हते. पण एक गोष्ट या आकड्यांनी पक्की केली: या यंत्राचा निव्वळ फायदा फार बारीक फरकाने ठरतो. एका हाताने वाचवलेले आयुष्य दुसऱ्या हाताने रक्तस्राव आणि मेलेल्या पायात घालवायचे असेल तर शेवटची बेरीज शून्य येते. म्हणून 'आधी जीव, मग पाय' हा क्रमच चुकीचा मांडलेला आहे. पायाचा रक्तपुरवठा तुटलेल्यांत मृत्यूचे प्रमाण जास्त असल्याचे अनेक अभ्यास सांगतात. यावर आक्षेप असा, की मुळात अधिक अत्यवस्थ रुग्णांचेच पाय जातात, त्यामुळे पाय हे मृत्यूचे कारण नसून गंभीर आजाराची खूण आहे. आक्षेप बिनतोड नसला तरी त्यात तथ्य आहे. तरीही पोटॅशियम, मायोग्लोबिन आणि जंतुसंसर्ग यांचा मार्ग शरीरशास्त्राने दाखवलेला आहे. आधीच कोलमडलेल्या देहाला तो भार पेलत नाही. खूण आणि कारण अशी दोन्ही नाती इथे एकाच वेळी असू शकतात.

प्रतिबंधाची पहिली पायरी नळी आत जाण्यापूर्वीची आहे: धमनी पाहणे आणि मोजणे. सोनोग्राफीचा प्रोब जांघेवर ठेवला की धमनी किती रुंद आहे, तिच्या भिंतीत चुना साचला आहे का, ती दोन फांद्यांत कुठे फुटते हे मिनिटभरात दिसते. सुई फांदीच्या खाली गेली तर बारीक वाहिनीत जाड नळी बसते. जांघेच्या अस्थिबंधाच्या वर गेली तर रक्त पोटाच्या मागे साचते आणि बाहेरून दाबूनही थांबत नाही. दुसरा निर्णय मापाचा. मोठी नळी म्हणजे मोठा प्रवाह, म्हणून शंका आली की एक माप वरची घ्यावी, अशी जुनी रीत होती. नळीतला प्रवाह त्रिज्येच्या चौथ्या घातावर अवलंबून असतो, हे तिच्यामागचे शास्त्र खरे आहे. पण पन्नास-पंचावन्न किलोच्या माणसाला पाच लिटरचा प्रवाह लागतच नाही. कोलंबिया विद्यापीठाच्या गटाने २०१५ मध्ये १५ फ्रेंचच्या नळीची तुलना तिच्याहून मोठ्या नळ्यांशी केली तेव्हा रक्ताभिसरण पुरेसे राहिले, जगण्याचे प्रमाण घटले नाही आणि नळीच्या जागचा रक्तस्राव कमी झाला. माप यंत्राच्या कमाल ताकदीवरून न ठरवता रुग्णाच्या गरजेवरून आणि धमनीच्या रुंदीवरून ठरवावे, हा त्याचा अर्थ. शिरेतली नळी शक्यतो दुसऱ्या जांघेत घातली तर एकाच पायावर दुहेरी संकट येत नाही.

दुसरी पायरी या साऱ्या चर्चेचा कणा आहे: खालच्या पायासाठी वेगळी छोटी नळी. धमनीतल्या मोठ्या नळीच्या खाली, मांडीतल्या वरवरच्या फिमोरल धमनीत, सहा ते आठ फ्रेंचची शीथ बोटांच्या दिशेने तोंड करून घालतात. अँजिओग्राफीच्या कक्षात रोज वापरतात त्याच जातीची. मोठ्या नळीच्या बाजूला एक छोटे तोंड असते. तिथून वीतभर आखूड नळीने ही शीथ जोडतात. जोडण्याआधी नळीतला हवेचा शेवटचा बुडबुडा काढतात, चिमटा सोडतात, आणि पारदर्शक नळीतून लालभडक रक्त पावलाकडे धावू लागते. बावीस निरीक्षणात्मक अभ्यासांच्या २०१७ च्या आढाव्यात ही नळी असलेल्यांत पायाचा रक्तपुरवठा तुटण्याचे प्रमाण शेकडा पंधराहून अधिक अंकांनी कमी आढळले. एल्सोच्या २०२१ च्या मार्गदर्शनातही तिला महत्त्वाचे स्थान आहे. टीकाकार म्हणतात, यातली एकही चाचणी चिठ्ठ्या टाकून केलेली नाही. ज्यांच्याकडे वेळ आणि कसब होते त्यांनीच नळी घातली, म्हणून त्यांचे निकाल चांगले दिसतात. खरे आहे. पण नळी न घालण्याच्या गटात रुग्ण टाकणारी चाचणी आता कोणती नीतिसमिती मंजूर करेल? कारणाचा दुवा इतका उघड असताना, परिणाम सर्वत्र एकाच दिशेचा असताना आणि इजा थोडी असताना निरीक्षणात्मक पुराव्यावर कृती करणे शास्त्रीयच आहे.

यापेक्षा टोकदार आक्षेप दोन आहेत. पहिला: सर्वांना कशाला, पाय गार पडला की घालू. ऐकायला वाजवी वाटते, पण तेव्हा चार-सहा तासांच्या मुदतीतले कित्येक तास गेलेले असतात. धमनी आवळून सुईलाही सापडेनाशी झालेली असते, रक्त पातळ करण्याचे औषध चालू असल्याने प्रत्येक नवा टोचा रक्तस्रावाला निमंत्रण देतो. हृदय बंद पडलेल्या रुग्णाच्या छातीवर दाब देणे चालू असतानाच नळ्या घालाव्या लागल्या, तर छोटी नळी त्या क्षणी राहून जाणे समजण्यासारखे आहे. मात्र रुग्ण स्थिरावताच, तो विभागातल्या खाटेवर पोहोचण्याआधी किंवा पोहोचताच, ती घातली जावी अशी वेळेची अट प्रत्येक केंद्राने स्वतःला घालून घ्यावी. दुसरा आक्षेप अधिक अस्वस्थ करणारा: ईसीएलएस-शॉक चाचणीत बहुसंख्य रुग्णांना ही छोटी नळी होतीच, तरी ११ टक्क्यांना इजा झाली. तर मग तिचा उपयोग काय? याचे उत्तर असे: नळी असणे म्हणजे ती वाहती असणे नव्हे. ती पिळवटते, सरकते, गुठळीने बंद होते. नळी बसवली म्हणजे पाय वाचला, ही नवी खोटी खात्री जुन्या बेफिकिरीइतकीच महाग पडते.

म्हणून तिसरी पायरी पाळतीची. पायाचे रक्त तुटल्याची पाठ्यपुस्तकातली लक्षणे म्हणजे वेदना, बधिरपणा, लुळेपणा, फिकटपणा, गारवा आणि नाडी न लागणे. एक्मोवरचा रुग्ण झोपेच्या औषधाखाली असतो. वेदना आणि बधिरपणा सांगणार कोण? हृदय जेमतेम हलत असते आणि यंत्राचा प्रवाह सलग असतो, त्यामुळे नाडी चांगल्या पायातही लागत नाही. इथे परिचारिकेच्या हातातला छोटा डॉप्लर कामी येतो. घोट्यामागे आणि पावलाच्या पाठीवर पेनाने केलेल्या फुलीवर जेल लावून पेन्सिलीएवढा प्रोब धरला की एरवीच्या ठेक्याऐवजी वाऱ्यासारखा अखंड सूर ऐकू येतो. तो सूर मंदावला किंवा थांबला, की आधी नळीचा चिमटा आणि जोड पाहायचा, बॅटरीच्या उजेडात जोडाशी काळपट धागा दिसतो का ते पाहायचे, आणि मग वरिष्ठांना बोलवायचे. सकाळच्या फेरीची वाट पाहायची नाही. दोन्ही पोटऱ्यांवर चिकटवलेले जवळ-अवरक्त किरणांचे पट्टे ऊतींतला प्राणवायू सतत दाखवतात. आकडा ५० टक्क्यांखाली गेला किंवा दोन पायांत १५ टक्क्यांहून जास्त तफावत पडली तर इशारा मानावा, असा नियम काही केंद्रांनी वापरला आहे. कातडीखालचा मेद, सूज आणि त्वचेचा रंग यांनी एकटा आकडा फसवू शकतो. म्हणून दोन पायांतला फरक आणि तासागणिक उतरता कल यांवर अधिक विसंबावे. पोटरी दगडासारखी ताठ लागली तर यंत्राच्या आकड्याची वाट न पाहता शल्यविशारदाने ती उघडायची की नाही याचा निर्णय घ्यावा.

चौथी पायरी बहुतेक आढाव्यांत दोन ओळींत उरकली जाते: नळी काढणे. यंत्रावरून उतरल्याच्या आनंदात पायाकडे दुर्लक्ष होते, आणि गुठळी सुटून खाली जाणे, धमनी शिवताना अरुंद होणे, जांघेत रक्ताचा फुगा धरणे हे प्रकार त्यानंतरच्या दिवसांत घडतात. शस्त्रक्रियेने उघडून शिवावे की कातडीवाटे बंद करणारी साधने वापरावीत यावर मतभेद आहेत. चुन्याने भरलेल्या किंवा बारीक धमनीत उघडून शिवणे सुरक्षित, हे बहुतेकांना मान्य व्हावे. कोणतीही पद्धत असो, दुसऱ्या दिवशी आणि घरी सोडण्यापूर्वी दोन्ही पायांच्या धमन्या आणि शिरांची डॉप्लर तपासणी व्हावी. लोंबते पाऊल, जांघेतला मज्जातंतू दुखावल्याने आलेला बधिरपणा यांची नोंद तेव्हाच झाली, तर फिजिओथेरपी वेळेवर सुरू होते.

पर्याय म्हणून काही जण काखेतल्या धमनीचा मार्ग सुचवतात. त्यात हाताला जास्तीचे रक्त जाऊन हात सुजण्याचा धोका असतो आणि वेळही अधिक लागतो. हृदयात बसवायचा सूक्ष्म पंप हा दुसरा पर्याय. २०२४ च्या डेंजर-शॉक चाचणीत ३६० निवडक रुग्णांत त्याने १८० दिवसांतला मृत्यू ५८.५ वरून ४५.८ टक्क्यांवर आणला, आणि तरीही पायाचा रक्तपुरवठा तुटण्याचे प्रमाण ५.६ टक्के राहिले, साध्या उपचारांत ते १.१ टक्के होते. मार्ग जांघेतून जातो तोवर प्रश्न सुटत नाही. यातून निघणारा धडा निवडीचा आहे. ज्याला यंत्राचा फायदा होण्याची शक्यताच नाही, त्याला यंत्रावर न घेणे हा पाय वाचवण्याचा सर्वांत खात्रीचा मार्ग.

भारतात या प्रश्नाला दोन स्थानिक पदर आहेत. आयसीएमआर-इंडियाब पाहणीनुसार (२०२३) ११.४ टक्के प्रौढांना मधुमेह आहे; अशांच्या पायाच्या धमन्या आधीच अरुंद असू शकतात. दुसरीकडे धान्यात ठेवायच्या ॲल्युमिनियम फॉस्फाइडच्या गोळ्यांनी विषबाधा झालेले तरुण रुग्ण एक्मोने वाचू शकतात, हे लुधियानाच्या डॉक्टरांनी प्रसिद्ध केले आहे. या तरुणांची धमनी निरोगी, पण पर्यायी आडवाटा तयार न झालेली, आणि दाबाची औषधे भरमसाट. त्यांचा पाय म्हाताऱ्याच्या पायाआधी काळवंडू शकतो. 'आपल्याकडे साधने कुठे आहेत?' ही सबब इथे चालत नाही. ज्या रुग्णालयाला लाखोंचे यंत्र आणि त्यातला प्राणवायू मिसळणारा पडदा परवडतो, त्याला एक शीथ, हातातला डॉप्लर आणि सोनोग्राफी परवडते. महाग आहे ती दर तासाला पावलाशी जाणारी प्रशिक्षित परिचारिका, आणि तिने हाक दिल्यावर रात्री तीन वाजता येणारा रक्तवाहिनीतज्ज्ञ. ज्या केंद्राकडे ही दोन माणसे नाहीत, त्याने हे यंत्र चालवण्याआधी ती मिळवावीत.

शेवटी मागणी साधी आहे. प्रत्येक एक्मो केंद्राने किती रुग्ण वाचले याबरोबरच किती जण दोन्ही पायांवर घरी गेले, किती पोटऱ्या चिराव्या लागल्या आणि किती पाय कापावे लागले, हे दरवर्षी एकाच व्याख्येने जाहीर करावे. आणि आपल्या माणसाला एक्मोवर घेण्याच्या संमतिपत्रावर सही करताना नातेवाइकांनी डॉक्टरांना दोन प्रश्न विचारावेत: पायासाठी वेगळी नळी घालणार आहात का, आणि रात्री पाय कोण तपासणार?